शेवटचा आला काय?

हनीफ, परवाच्या रविवारी तुह्या गालाले भात चिकटला होता. खऱ्या गालाले नाही, तो तर दीड महिन्यापासून आर्णीच्या कब्रस्तानात मातीखाली आहे. हा फ्लेक्सवरचा गाल. समितीनं यंदाची सात टेकड्यायची चाल तुह्या नावानं ठेवली, कमानीवर तुहा दहा फुटी फोटो लावला. अन् सारं आटपल्यावर तोच फोटो काढून ट्रॉलीतल्या उष्ट्या भातावर पांघरला, कुत्र्यानं तोंड घालू नाही म्हून. मी पोचलो तवा तुह्या एका डोळ्यावरून पिवळं वरन वघळून राह्यलं होतं. मले तिथंच ओकारी आली. मंडपवाल्याले वाटलं, म्हाताऱ्याले ऊन लागलं.

तुले सांगाची सोय राह्यली नाही, म्हून लिहून राह्यलो. जिनिंगच्या काट्यावर बसून तीस वर्ष कापसाच्या गाड्या मोजल्या, पावत्या फाडल्या, पन असं कोनाले लिहायची पाळी आली नव्हती. तुहा जन्म कधीचा, तुहं दुकान कोन्या सालचं, हे मी लिहत नाही. थे भाषणात सांगून झालं, अन् अर्धं चुकीचं सांगून झालं. सकाळी चाल सुटाच्या आधी समितीचा अध्यक्ष माईकवर म्हने, हनीफभाई म्हनजे वेगाचे चाहते. वेगाचा चाहता! बारा वर्ष जो मानूस सगळ्यायच्या मागं चालला, मुद्दाम मागं चालला, तो वेगाचा चाहता. मंग दोन मिनिटं शांत उभं राहा म्हनले. माह्या हातात घड्याळ नव्हतं, पन म्या मनात मोजलं, तुले माही खोड माहीत आहे. चाळीस सेकंद झाले अन् डीजे वाजला.

पहिल्या वर्षीची चाल आठवते काय तुले? आपन नऊ जनं होतो. तुह्या दुकानावर पंक्चरच्या टबापाशी बसून ठरलं, की थंडीत एक दिवस सागाच्या रानातून सात टेकड्या चढाच्या, बेचाळीस किलोमीटर, अन् संध्याकाळच्या आत शाळेच्या आवारात वापस. कायले चालाचं, हे कोनीच विचारलं नाही. तूर कापनीवर आली होती, कापसाची गर्दी जरा कमी होती, बस, तेवढंच कारन. मी तवा चांगला ढेरपोट्या होतो. तिसऱ्या टेकडीवरच माह्या मांड्या घासून सोलल्या. बाकीचे आठ दोन वाजता पोचले, मी साडेचारले. रडकुंडीले आलतो. शाळेच्या फाटकातून पाह्यलं तर रोडग्याचा हारा झाकलेला, वांग्याच्या भाजीचं गंज झाकलेलं, अन् आठ जनं भिताडाले पाठ लावून उपाशी बसलेले. अडीच घंटे. तू गंजाच्या झाकनावर बसून राह्यलता, कोनी उघडू नाही म्हून. तू उठला, शाळेच्या घंटीचा जो रुळाचा तुकडा निंबाले लटकते, त्याच्याकडं बोट दाखवलं अन् म्हनला, "बाबू, ठोक. तू ठोकल्याशिवाय जेवन नाही."

म्या ठोकला. असा ठोकला की मास्तरच्या घरची म्हैस दावं तोडून पळाली.

तिथून थो रिवाज पडला. पहिल्याले टाळ्या, शेवटच्याले टोल. शेवटचा मानूस रूळ ठोकन तवा पंगत बसन, तोवर पहिला आलेला पट्ट्या असो की आमदाराचा साळा, पानी पिऊन गप बसाचं. बाहेरगावचे लोकं पहिल्यांदा आले की कुरकुर करत. पन एकदा थे पाह्यलं, की कोनी एखादी जाडी बाई, कोनी गुडघ्याचा पेशंट फाटकातून लंगडत येते अन् शंभर भुके लोकं उभे राहून त्याची वाट मोकळी करते, की मंग त्याइची कुरकुर बंद होये. असा मान पहिल्या नंबरालेही भेटत नव्हता.

अन् शेवटच्याच्या मागं तू. खांद्यावर जुन्या ट्यूबची शिवलेली पिशवी. आदल्या दिवशी टेलरकडच्या लाल चिंध्या झाडाइले बांधाच्या, अन् चालीच्या दिवशी मागून येता येता एक एक सोडून पिशवीत टाकाची. एक चिंधी रानात राहू द्यायची नाही. पिशवीत भाभीनं दिलेला स्टीलचा डबा, चार पोळ्या अन् लोनचं. थो डबा तुहा नव्हता, थो रस्त्यात कोनाले चक्कर आली तर त्याच्यासाठी. तू सकाळपासून उपाशी चाले. मी विचारलं, काहून बा, तू काहून खात नाही? तर म्हने, शेवटच्याच्याही मागं कोनीतरी भुका पाह्यजे, नाही तर घाई कोन करन.

तुहं हे असं होतं. चिडवल्यासारखं बोले अन् मंग रातभर डोक्यात घुमे.

मंग समिती आली. चाल मोठी झाली, दोनशे लोकं झाले. जिमवाला आला, ठेकेदार आला, छातीवरचे नंबर आले, पाठीवर जाहिराती आल्या. म्या टाइमकीपर व्हावं असं ठरलं, कारन काट्यावरचा मानूस, एका मिनिटाचा हिशेब सोडत नाही. मले शिट्टी देली, वही देली. खोटं कायले बोलू हनीफ, मले बरं वाटलं. जिनिंगमध्ये लोकं माह्याशी काट्यावरून भांडत, इथं माह्याकडं हात जोडून विचारत, बाबू, माहा टाइम किती. समितीनं म्हनलं की चार वाजता वही बंद अन् पंगत सुरू. तुले थे पटलं नाही. तुह्या दुकानात आपन एक महिना भांडलो. मी म्हनो, दोनशे लोकं भुके ठेवशीन काय एका मानसासाठी? तू म्हने, हो. मी म्हनो, हे काय उत्तर झालं? तू म्हने, हेच उत्तर आहे. अन् स्पोकला पाना लावून चाक फिरवत बसे. तू भांडताना कधी आवाज चढवला नाही. त्याचाच राग ये.

मागल्या वर्षी जे झालं, थे आता लिहतो. टाळून टाळून इथवर आलो.

चारले पाच कमी होते. पाहुन्यायची गाडी चालू होऊन उभी, त्याइले यवतमाळले दुसरा कार्यक्रम. जिमवाला तीनदा आला, बाबू, सुरू करा, बाबू, सुरू करा. वहीत एकच नाव बिनखुनेचं होतं, गोदाबाईचं. अंगनवाडीत मदतनीस आहे थे बाई, साठीची, पायात साधी चप्पल, जन्मात कोनती शर्यत पाह्यली नाही. गावच्या पोरी चालते म्हून थे आली होती. तिच्या मागं तू आहे, हे मले माहीत होतं. तुह्याशिवाय कोन असन? म्या घड्याळ पाह्यलं. चार वाजले. म्या शिट्टी वाजवली. कोनी बंदूक नव्हती धरली माह्यावर. माह्याच तोंडानं वाजवली.

मंडपवाल्यानं स्पीकरचा वायर दाबून ठेवाले रूळही काढून घेतला होता. तुम्ही दोघं आले तवा पाच वाजाले आले होते. गंज खरडून झाले होते, पत्रावळी कुत्रे वढून राह्यले होते. गोदाबाई निंबाखाली गेली, वर पाह्यलं, रूळ नाही. तिले रस्ताभर तुनं सांगतलं असन, बाई, तुम्हाले रूळ ठोकाचा आहे. तिनं रिकाम्या दोराले हात लावला अन् पदर सावरून पायरीवर बसली. तुनं पिशवीतला डबा काढून तिच्यापुढं ठेवला. तू बसला नाही. तू माह्याकडं आला.

"कोनं सुरू केलं?"

मी म्हनलं, काट्यानं. चार म्हनजे चार.

तू म्हनला, "काटा मालाचा असते बाबू. मानसाचा नसते."

अन् गेला. बस, एवढंच. शिव्या देल्या असत्या तर म्याही देल्या असत्या, मंग आपन चहा पेलो असतो. तुनं थे होऊ देलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानावर गेलो की खुर्ची पुसून दे, चहा सांगे, अन् मले तुम्ही म्हने. तीस वर्ष अबे-तबे केल्यावर, तुम्ही! मी मनात म्हनो, साल्याले माज आला. आता सांगतो, मले भेव वाटे. मी माफी मागाले चारदा आलो अन् चारही वेळा ट्यूबमध्ये हवा भरून वापस गेलो. माह्या सायकलच्या ट्यूबले त्या साली जेवढी हवा भेटली तेवढी कोनाच्या नशिबी नसन.

मंग थो मंगळवार. तू पंक्चर पाहाले टबावर वाकला अन् तसाच वाकून राह्यला. शेजारच्या पानवाल्याचा फोन आला तवा माह्या काट्यावर पाच गाड्या उभ्या होत्या. मी म्हनलं, ह्या पाच काढतो अन् येतो. हे मी म्हनलं. तू यवतमाळच्या दवाखान्याच्या रस्त्यातच गेला. मी आलो तवा घरापुढं चपलाच चपला. तवापासून मले माह्या घड्याळाची किळस येते. हातातून काढून कोनाड्यात ठेवलं, तर तिथून टिकटिक करते.

म्हून यंदा मी शिट्टी घेतली नाही. अध्यक्षानं झेंडी दाखवा म्हनलं, थेही नाही म्हनलं. भाभीकडून तुही पिशवी मागून आनली होती, ती खांद्याले मारली अन् सगळ्यायच्या मागं जाऊन उभा राह्यलो. पुढं तीनशे पाठी, तीनशे पाठींवर टीशर्टात छापलेलं तुहं तोंड. घामानं भिजलेलं, सुरकुतलेलं. एकानं माह्यादेखत टीशर्टचं टोक उचलून नाक शिंकरलं, तुह्या दाढीत.

चिंध्या नव्हत्याच यंदा, पिशवी घेऊन काय करनार होतो मी? स्प्रेनं बान काढले होते, सागाच्या बुंध्यावर, दगडावर, नाल्याच्या पुलावर. तांड्याच्या वर जो शेंदराचा दगड आहे ना, जिथं तू दरवर्षी चप्पल काढून बाजूनं जाये, त्याच्यावरही निळा बान. तांड्यातली एक बाई लुगड्यानं थो घासून राह्यली होती. मी बसलो अन् नखानं खरवडलं, जात नाही म्हनलं तर दगडानं खरवडलं. ती विचारे, ह्या बानाच्या मागं काय आहे? काय सांगू तिले? म्हनलं, काही नाही माय, लोकं पळून राह्यले.

अन् थे पाकिटं. पळताना चोखाचा कोनता तरी गोड लगदा येते आता, त्याची चांदीची पाकिटं. चोखून फेकलेली, मुंगळे लागलेली, सागाच्या वाळल्या पाल्यात शेकड्यानं. केळ्याच्या साली, बाटल्या, एका ठिकानी तर कोनी ओकून त्यावर टीशर्टच टाकून गेलता. म्या सारं उचललं, टीशर्टसुद्धा. पिशवी भरली तर शर्टाच्या वट्यात भरलं. हाताले असा चिकटा आला की बोटं उघडेना. बेचाळीस किलोमीटर मी तुह्या जागेवर चाललो अन् पाह्यलं, तुह्या मागून काय राह्यलं.

शेवटी चालनारे कुठी गेले, सांगू? त्याइच्यासाठी जीप होती. पाचव्या टेकडीपासून जीप मागून फिरे अन् जो मागं दिसला त्याले उचले. गावात मोकाट ढोरं कोंडवाड्यात नेते तसे नेले. पाय दुखत नसतील त्याइलेही नेले, कारन यंदा चारच्या जागी तीनलेच वही बंद होनार होती. एक मास्तरीन रडून राह्यली होती, मी चालू शकते म्हने, दोनच टेकड्या राह्यल्या. ड्रायव्हर म्हने, नियम आहे मॅडम. माह्यापाशीही थांबला. बसा बाबूजी, तुम्ही तर आपले मानूस. मी त्याले काय म्हनलो थे लिहत नाही. भाभी हे वाचून घेईन कोनाकडून.

मी पोचलो तवा सव्वापाच वाजले असतील. उन्हावरून सांगतो, घड्याळ नव्हतं. मंडप अर्धा उतरला होता. तिथं ट्रॉली, अन् ट्रॉलीवर तू. म्या फ्लेक्स वढला. मंडपवाला म्हने, राहू द्या काका, फेकाचाच आहे. हापशीवर नेऊन म्या तुहं तोंड धुतलं. भात निघाला, वरनाचा पिवळा डाग काही निघाला नाही. गुंडाळून ठेवला तुले. घरी आनला, माळ्यावर आहे. त्याचं काय कराचं, मले समजत नाही.

रूळ शाळेमागं पडला होता, गवतात. तिथंच, खालीच, गोट्यानं एकदा ठोकला. जमिनीवरचा रूळ वाजत नाही हनीफ. थप्प करते अन् संपते.

पिशवीतला कचरा ट्रॉलीत टाकून तसाच तुह्या घरी गेलो, पिशवी वापस द्यायले. दिवा लागाची वेळ झाली होती. भाभीची इद्दत सुरू आहे, चार महिने दहा दिवस परक्या मानसापुढं येता येत नाही, म्हून ती आतल्या खोलीत, दारावर परदा. मी बाहेरच्या खोलीत तुह्या खुर्चीले सोडून दुसरीवर बसलो. शबानानं पानी देलं. तुही पोरगी तुह्यासारखीच कमी बोलते. परद्यामागून आवाज आला.

"शेवटचा आला काय, काटेबाबू?"

मले समजलं नाही. मंग शबाना हळूच म्हनली, अम्मी सकाळपासून जेवली नाही. दरवर्षी चालीच्या दिवशी जेवत नाही. अब्बा घरी येऊन सांगे, शेवटचा आला, पंगत झाली, की मंग ताट घेते.

बारा वर्ष, हनीफ. तुनं मले कधी सांगतलं नाही. तिकडं तू उपाशी, इथं ही उपाशी.

मी म्हनलं, आला भाभी. मीच होतो.

"मंग ठीक," ती म्हनली. अन् शबानाले रोडगे काढाले सांगतलं. चूल पेटलेलीच होती. मंग परद्यामागं ती जराशी हासली, हासली म्हनजे नाकातून आवाज केला. म्हने, मागच्या साली तर तुमचा दोस्त आल्या आल्या सहा पोळ्या खाऊन गेला. म्या त्याले विचारलं, तिकडं जेवले नाही काय? तर म्हने, जेवलो ना, बाबूनं पंगत अशी जोरदार बसवली, गोदाबाईनं रूळ असा ठोकला, पन चालून चालून पुन्हा भूक लागली.

पाय दुखून राह्यले होते थे दुखायचे थांबले. दीड महिन्यापासून मी साऱ्या जगावर थुंकत फिरतो, जिमवाल्यावर, अध्यक्षावर, टीशर्टवर, जीपवर. तू त्या दिवशी दिवसभराचा उपाशी घरी आला अन् बायकोपुढं माही इज्जत राखाले खोटं बोलला. मले तोंडावर तुम्ही म्हनला अन् माघारी मले सांभाळलं. मले माह्या अंगाची शिसारी आली, खरं सांगतो.

"भाभी," मी म्हनलं, "मागल्या वर्षी पंगत शेवटच्यासाठी थांबली नव्हती. हनीफ भुका होता. शिट्टी म्या वाजवली."

मनात म्हनलं, आता ही म्हनन, उठा.

"मालूम आहे," ती म्हनली. "दुसऱ्या दिवशी गोदाबाई आलती, डबा द्यायले. घासून, आत तुरीच्या शेंगा भरून. तिनं सारं सांगतलं. त्यानं मले सांगतलं नाही, म्या त्याले सांगतलं नाही. त्यानं तुमचं नाव घेतलं नाही, मी कायले घेऊ?"

शबानानं ताट आनून माह्यापुढं ठेवलं. गरम रोडगा, वांग्याची भाजी. दुसरं ताट परद्याखालून आत सरकवलं. माह्या पोटात सकाळपासून कन नव्हता. हात ताटापर्यंत गेला, अन् म्या तो मांडीवर ठेवला.

मंग परद्याआड रोडगा मोडल्याचा आवाज आला. तिनं पहिला घास घेतला असन. तवा म्या माहा घेतला.